दुर्बिणीतून मुतखडा काढताना : पुरुष वाचकांच्या शंका आणि उत्तरे

उन्हाळा लागला की नाशिक जिल्ह्यातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुतखड्याची पत्रे वाढतात. उन्हात किंवा भट्टीसमोर काम करणाऱ्या माणसाचे पाणी घामावाटे जाते, लघवी घट्ट होते आणि खड्याला वाढायला वाव मिळतो. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख मात्र खडा का होतो याकडे नसून दुर्बिणीतून तो काढून घेणे कितपत सुरक्षित आहे याकडे आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग करतो. वय ४६, मधुमेह आहे. उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात १४ मिलिमीटरचा खडा निघाला आहे. दुर्बिणीने आणि लेझरने, एकही टाका न घालता खडा काढता येईल व दुसऱ्या दिवशी घरी जाता येईल, असे मला सांगण्यात आले. परंतु गेल्या वर्षी माझ्या मेहुण्यांना अशाच शस्त्रक्रियेनंतर थंडी वाजून ताप भरला आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. कापाकापी झालेली नसताना असे का व्हावे? मी शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही?

उत्तर : आपल्या मेहुण्यांना जो त्रास झाला, तोच या शस्त्रक्रियांतील सर्वांत महत्त्वाचा धोका आहे, आणि ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ एवढेच सांगताना तो बहुधा अनुच्चारित राहतो याचे मला मनापासून वाईट वाटते. बाहेरून जखम दिसत नाही म्हणून शस्त्रक्रिया लहान आहे, असा रुग्णाचा आणि नातेवाइकांचा समज होतो. प्रत्यक्षात या प्रकारात रक्तस्रावाची भीती कमी असली तरी जंतुसंसर्गाची भीती शिल्लक राहते.

आत नेमके काय घडते ते सांगतो. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, वळू शकणारी दुर्बीण मूत्रमार्गातून मूत्राशयात, तेथून मूत्रवाहिनीत आणि पुढे मूत्रपिंडात नेली जाते. लेझरने खडा फोडताना समोरचे स्पष्ट दिसावे म्हणून सलाईनचे पाणी सतत आत सोडावे लागते. ठिबकच्या नळ्यांची तोंडे बुजलेली असताना मोटार चालू ठेवली तर नळीत जसा दाब वाढतो, तसा आत गेलेल्या पाण्याला परत यायला पुरेशी वाट नसेल तर मूत्रपिंडातील दाब वाढतो. मुतखड्याच्या आत अनेकदा जंतू दडलेले असतात. खडा फुटला की ते आणि त्यांची विषद्रव्ये मोकळी होतात आणि वाढलेल्या दाबामुळे सरळ रक्तात ढकलली जातात. शस्त्रक्रियेनंतर काही तासांत थंडी वाजून येणे, ताप चढणे, नाडी जलद होणे आणि रक्तदाब उतरणे हा सारा त्याचाच परिणाम असतो. मधुमेही माणसाला, अडकलेल्या लघवीत आधीच जंतू वाढलेल्या माणसाला आणि ज्याच्या आत दीर्घकाळ स्टेंट (लघवी वाहती राहावी म्हणून मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) राहिलेला आहे अशा माणसाला हा धोका अधिक असतो.

हा धोका बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता येतो. शस्त्रक्रियेपूर्वी लघवीचा ‘कल्चर’ तपास, म्हणजे लघवीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याचा तपास, झालाच पाहिजे. नुसत्या साध्या तपासणीवर भागवू नये. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात जंतू निघाले तर त्यांवर चालणारे प्रतिजैविक देऊन मगच शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी, मग त्यासाठी आधी ठरलेली तारीख मोडावी लागली तरी चालेल. कल्चर निर्दोष आला म्हणजे खड्याच्या पोटात जंतू नाहीतच असे होत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिजैविकाची मात्रा दिली जाते आणि अनुभवी शल्यचिकित्सक पाण्याचा दाब कमी ठेवतात, परतीच्या पाण्यासाठी मूत्रवाहिनीत पोकळ नळी बसवतात आणि काम फार लांबू लागले, साधारण दीड तासाच्या पुढे जाऊ लागले, तर उरलेला खडा दुसऱ्या वेळेसाठी ठेवून थांबतात. आपली रक्तातील साखर आधी ताब्यात आणणे हे मात्र आपल्या हाती आहे आणि त्याचे महत्त्व प्रतिजैविकापेक्षा कमी नाही.

आपल्या खड्यासाठी इतर मार्गही आहेत. शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे आघात देऊन खडा फोडण्याचा उपचार १९८० साली म्युनिक येथे प्रथम माणसावर झाला. त्यात शरीरात काहीही घालावे लागत नाही, म्हणून तो सर्वांत सौम्य. परंतु खालच्या कप्प्यातील खड्याचा चुरा वर चढून बाहेर पडायला अवघड जातो आणि खडा फार टणक असेल तर तो नीट फुटतही नाही. दुसरा मार्ग पाठीतून छिद्र पाडून मूत्रपिंडात थेट शिरण्याचा. तो १९७६ साली स्वीडनमध्ये प्रथम वर्णिला गेला आणि आज २ सेंटिमीटरहून मोठ्या खड्यांसाठी तोच अधिक पसंत केला जातो. त्यात खडा साफ निघण्याची खात्री अधिक, पण मूत्रपिंडाच्या मांसातून वाट काढावी लागत असल्याने रक्तस्राव होऊ शकतो. मोठ्या पाहण्यांत शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते सात जणांना रक्त द्यावे लागल्याचे आणि सुमारे दहा जणांना ताप आल्याचे आढळले आहे. गंभीर जंतुसंसर्ग त्याहून पुष्कळ कमी जणांना होतो. ८ ते १० मिलिमीटरच्या रुंद वाटेऐवजी ५-६ मिलिमीटरची बारीक वाट केली तर रक्तस्राव घटतो. १४ मिलिमीटरच्या खड्याला ही बारीक वाट किंवा आपल्याला सुचवलेली दुर्बीण, दोन्ही योग्य ठरू शकतात. निवड सिटी स्कॅनवर दिसणारी खड्याची घनता आणि त्या कप्प्याचा कोन पाहून व्हावी.

शस्त्रक्रिया करून घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. पण ताप नसेल, लघवीचा मार्ग अडलेला नसेल आणि दोन्ही मूत्रपिंडे काम करीत असतील, तर हा खडा आज-उद्या काढलाच पाहिजे असा नाही. माल काढणीच्या धावपळीत घाईने ती उरकण्यापेक्षा साखर ताब्यात आणून, कल्चर करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने हंगामानंतरची तारीख घेणे बरे. पाठीतून छिद्र पाडून शस्त्रक्रिया झाली तर पुढचे तीन-चार आठवडे क्रेट उचलू नयेत. या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांनी, माणूस घरी बरा होत असताना उद्भवतो. लघवी गडद लाल झाली किंवा तिच्यात गुठळ्या दिसल्या तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. रक्तवाहिनीत बारीक नळी घालून असा स्राव बंद करता येतो, पण त्यासाठी वेळेवर पोहोचायला हवे.

प्रश्न : सातपूर औद्योगिक वसाहतीत फोर्जिंगच्या कारखान्यात कामाला आहे. मूत्रपिंडातील खड्यासाठी मला भूल दिली, शस्त्रक्रियागृहात नेले आणि बाहेर आल्यावर सांगितले की खडा काढलेला नाही, फक्त स्टेंट टाकला आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा यावे. पगारी रजा संपली आहे. पहिल्याच वेळी खडा का काढला नाही? माझी फसवणूक तर झाली नाही ना?

उत्तर : आपला संताप समजण्यासारखा आहे. रजा बुडते, दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागते आणि खर्चही वाढतो. तरीही आपण जे वर्णन केले आहे त्यावरून शल्यचिकित्सकाने योग्य तेच केले असावे, असे मला वाटते.

प्रौढ माणसाची मूत्रवाहिनी जागोजागी जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते, आणि मूत्रपिंडापर्यंत वारंवार जाण्यासाठी तिच्यात जी पोकळ नळी बसवतात तिची बाहेरची जाडी अनेकदा ४ मिलिमीटरहून अधिक असते. काही जणांत, विशेषतः ज्यांना पूर्वी कधी स्टेंट पडलेला नाही अशा तरुण पुरुषांत, मूत्रवाहिनी ती नळी स्वीकारत नाही. अशा वेळी जोर लावला तर मूत्रवाहिनी फाटते, पुढे तेथे आकुंचन होऊन मूत्रपिंड फुगू लागते आणि अत्यंत क्वचित, हजारात एखाद-दुसऱ्या रुग्णात, ती तुटून वेगळी होण्याइतकी भयंकर इजा होते. स्टेंट आठवडा-दोन आठवडे आत राहिला की मूत्रवाहिनी आपोआप सैल व रुंद होते आणि दुसऱ्या वेळी दुर्बीण सहज वर जाते. आत पू आढळला तरीही हाच नियम : स्टेंट टाकायचा, जंतुसंसर्ग बरा करायचा आणि नंतर खड्याला हात लावायचा.

ही शक्यता शस्त्रक्रियेपूर्वीच आपल्याला समजावून सांगायला हवी होती. संमतीपत्रावर सही घेताना ‘एका बैठकीत न होण्याची शक्यता’ हे वाक्य नुसते छापलेले असून चालत नाही, ते तोंडाने सांगावे लागते. दुसऱ्या वेळी जाताना मागच्या शस्त्रक्रियेची टिपणे मागून घ्या. मूत्रवाहिनी अरुंद होती की पू आढळला होता, ते त्यांत लिहिलेले असले पाहिजे.

प्रश्न : मी प्रेसमधून निवृत्त झालो असून नाशिकरोडला राहतो. वय ७१. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या चालू आहेत. आता प्रोस्टेट वाढले आहे आणि मूत्राशयात दोन खडे आहेत. या वयात, हृदयाचा आजार असताना, शस्त्रक्रिया झेपेल का? खडे तेवढे काढून प्रोस्टेटला हात न लावलेला बरा, असे मुलाचे मत आहे.

उत्तर : आपल्या चिरंजीवांची काळजी रास्त असली तरी त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो आणि मूत्राशयातून निघताना तो प्रोस्टेटमधून जातो. ही ग्रंथी वाढली की मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, तळाशी लघवी साचून राहते आणि त्या साचलेल्या लघवीत खडे धरतात. म्हणजे आपले खडे हे अडथळ्याचे फळ आहे. अडथळा तसाच ठेवून केवळ खडे काढले तर ते पुन्हा होतात आणि आणखी वाढलेल्या वयात पुन्हा भूल घ्यावी लागते. प्रकृतीने साथ दिली तर दोन्ही कामे एकाच वेळी दुर्बिणीतून करता येतात, खडे फार मोठे असतील तर ओटीपोटावर लहानशी चीर द्यावी लागते.

हृदयाच्या गोळ्यांविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. त्या स्वतःच्या मनाने, शेजाऱ्याच्या सल्ल्याने किंवा केवळ ‘ऑपरेशन आहे’ म्हणून बंद करू नका. अँजिओप्लास्टीनंतर या गोळ्या अचानक थांबवल्या तर हृदयातील स्टेंट गुठळीने बंद होऊ शकतो, आणि तो धोका मुतखड्याच्या कोणत्याही धोक्याहून मोठा आहे. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी पाच ते सात दिवस थांबवतात आणि कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन पुष्कळदा चालू ठेवतात. पण हे आपल्या हृदयतज्ज्ञांनी लेखी सांगितले पाहिजे आणि भूलतज्ज्ञांनी ते वाचलेले असले पाहिजे. गोळ्या थांबवणे शक्य नसलेल्या रुग्णात ध्वनिलहरींचे आघात आणि पाठीतून छिद्र हे दोन्ही उपचार टाळले जातात. नैसर्गिक मार्गाने, लेझरच्या साहाय्याने केलेले काम तुलनेने सुरक्षित ठरते.

प्रोस्टेट कापताना पूर्वी सर्रास वापरला जाणारा ग्लायसीनचा द्राव रक्तात शोषला गेला तर सोडियम घटून म्हातारा माणूस भ्रमिष्ट होत असे. लेझर किंवा ‘बायपोलर’ उपकरण असेल तर सलाईन वापरता येते आणि ही भीती जवळपास उरत नाही. आपल्या रुग्णालयात कोणते उपकरण आहे, हे विचारायला संकोच करू नका. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी लघवीची धार पुन्हा बारीक होऊ लागली तर वयाला दोष देऊन गप्प बसू नये. उपकरणांच्या घर्षणाने मूत्रमार्गात आकुंचन आलेले असू शकते, आणि ते वेळीच लक्षात आले तर उपचार सोपा असतो.

प्रश्न : वय २८, सिन्नर. डाव्या मूत्रवाहिनीत खालच्या टोकाला ७ मिलिमीटरचा खडा आहे. कळ थेट अंडकोषात उतरते. चार महिन्यांनी लग्न ठरले आहे. दुर्बीण त्या मार्गाने घातल्यामुळे वैवाहिक जीवनावर किंवा मूल होण्यावर परिणाम होतो का? घरी हे कोणाला विचारता येत नाही.

उत्तर : आपण विचारले हे उत्तम केले. हा प्रश्न अनेक पुरुषांच्या मनात असतो आणि तपासणीच्या खोलीत नातेवाईक सोबत असल्यामुळे तो तोंडातून बाहेर पडत नाही.

कळ अंडकोषात उतरते याचे कारण मूत्रवाहिनीच्या आणि अंडकोषाच्या संवेदना वाहणाऱ्या नसांचे उगम मज्जारज्जूत जवळजवळ आहेत. अंडकोषात बिघाड झाल्याची ती खूण नाही. दुर्बीण मूत्रमार्गाच्या पोकळीतून जाते. ताठरतेला कारण असणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या त्या पोकळीच्या बाहेर असतात, त्यामुळे व्यवस्थित केलेल्या शस्त्रक्रियेने त्यांना इजा होत नाही. शस्त्रक्रियेनंतर स्टेंट आत असेपर्यंत लघवीला जळजळ, वारंवार लागणे, कमरेत ओढ, वीर्यस्खलनाच्या वेळी दुखणे आणि इच्छा कमी होणे हे त्रास पुष्कळांना होतात. स्टेंट काढल्यावर ते जातात. लग्नाच्या आधी स्टेंट निघालेला असेल अशी तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

खडा खाली उतरावा म्हणून टॅमसुलोसिन ही गोळी दिली गेली असेल तर काही जणांत वीर्य कमी येते किंवा येतच नाही. गोळी बंद केल्यावर ते पूर्ववत होते. खालच्या मूत्रवाहिनीवर ध्वनिलहरींचे आघात दिले तर काही काळ वीर्यात रक्त दिसू शकते आणि शुक्रजंतूंची संख्या व हालचाल कमी झाल्याचे आढळले आहे, मात्र साधारण तीन महिन्यांत ती पूर्वस्थितीवर येते. आपले लग्न जवळ असल्याने उपचार निवडताना ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

५ मिलिमीटरपर्यंतचे मूत्रवाहिनीतील खडे दोनतृतीयांश लोकांत आपोआप पडतात, ५ ते १० मिलिमीटरचे जवळपास निम्म्या लोकांत. त्यामुळे कळ गोळ्यांनी थांबत असेल आणि ताप नसेल तर चार आठवड्यांपर्यंत वाट पाहणे चूक नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे मात्र गृहीत धरू नका. खडा तेथेच बसून, काही न दुखता, मूत्रपिंड हळूहळू निकामी करू शकतो. खडा हाती लागला नसेल तर सोनोग्राफी किंवा सिटी स्कॅनने खात्री करून घ्यावीच.

प्रश्न : आम्ही येवल्याचे, यजमान पैठणी विणतात. आठ महिन्यांपूर्वी खड्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आत स्टेंट टाकला होता. बरे वाटू लागले आणि काढायला जायचे राहून गेले. आता मागावर जास्त वेळ बसले की लघवी लालसर होते. पुन्हा खर्च नको म्हणून ते जायला तयार नाहीत.

उत्तर : ताई, या अंकातील सगळ्या पत्रांत मला आपले पत्र सर्वांत तातडीचे वाटते. खडा काढल्यानंतरचा स्टेंट बहुधा काही आठवड्यांत काढायचा असतो आणि सर्वसाधारणपणे तीन महिन्यांपलीकडे ठेवत नाहीत. त्यानंतर त्याच्यावर क्षार बसू लागतात, त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या वेटोळ्याभोवती नवे खडे तयार होतात, स्टेंट ठिसूळ होतो आणि तुटू शकतो. दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते, जीवघेणा जंतुसंसर्गही होऊ शकतो.

या आठवड्यातच त्यांना घेऊन जा. प्रथम पोटाचा एक्स-रे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीचे कल्चर करावे. क्षार बसलेले नसतील तर स्टेंट काही मिनिटांत निघतो. वळणारी दुर्बीण वापरली तर पुरुषांना त्यात त्रासही कमी होतो. क्षार बसलेले असतील तर तो ओढून काढण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका, आधी लेझरने वा अन्य मार्गाने ते फोडावे लागतात. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी कमी झाली तर तपासण्यांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

खर्चाचे म्हणाल, तर राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात किंवा शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात आरोग्यमित्रांना (या योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना) भेटा. शस्त्रक्रियेच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सापडले तर सोबत न्या. स्टेंट कोणत्या बाजूला आणि कोणत्या तारखेला टाकला ते त्यावर असते.

प्रश्न : हुलग्याचे कढण आणि बिअर यांनी शस्त्रक्रिया टळते का? (एक वाचक, दिंडोरी)

उत्तर : हुलग्याचे कढण आहार म्हणून घ्यायला हरकत नाही, पण अडकलेला खडा त्याने विरघळेल या भरवशावर महिने घालवू नयेत. बिअरने लघवी तात्पुरती वाढते आणि नंतर शरीरातील पाणी कमी होते. शिवाय ती यूरिक आम्ल वाढवते, ज्याचे स्वतःचेच खडे होतात. गोळ्यांनी विरघळणारा खडा प्रामुख्याने या यूरिक आम्लाचाच. तो साध्या एक्स-रेवर दिसत नाही आणि लघवीची आम्लता कमी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधांनी, तपासण्या करीत, विरघळवता येतो. म्हणून पडलेला किंवा काढलेला खडा फेकून न देता प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. खडा एकदा झाला की पुढील दहा वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांत तो पुन्हा होतो. दिवसाला निदान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी, जेवणात कमी मीठ आणि दूध-दही बंद न करणे, एवढे पाळले तरी ही शक्यता पुष्कळ कमी होते. उन्हात काम करणाऱ्यांनी पाणी लिटरमध्ये मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. तो दुपारीही फिकट राहिला पाहिजे.